साडेपाचची पुडी

“आज डब्यात काय होतं, ताई?”

रोज संध्याकाळी साडेपाचला माझा फोन वाजायचा आणि पलीकडून काका हेच विचारायचे. हॅलो नाही, कशा आहात नाही, थेट डबा. मी म्हणायचे, “भेंडी.” की लगेच दुसरा प्रश्न. “आणि काल काय सांगितलं होतंत?” मी म्हणायचे, “काल मटकीची उसळ.” मग पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आणि समाधानाचा एक हुंकार. “बरं. आता वाचा.”

तुम्हाला वाटेल, माणूस खवय्या असेल. कसला खवय्या! फोनवर बोलतेय ती खरंच मीच आहे की नाही, याची ती परीक्षा होती. “हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करतात हो,” ते म्हणायचे. “आवाज काढतील तुमचा, पण तुमची भाजी कोणाला माहीत असणार?” तीन वर्षं हा माणूस माझ्या भाज्या वहीत उतरवत होता. माझ्या नवऱ्याला विचारा परवा कोणती भाजी केलेली, छताकडे बघेल.

आमचं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये, एका इंजिनिअरिंगवाल्याच्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. आम्ही लिफ्टचे कंट्रोल पॅनल बनवतो. तुम्ही लिफ्टमध्ये शिरून सहावा मजला दाबता, तेव्हा दार कधी मिटायचं, मधे चौथ्यावर थांबायचं की नाही, वजन जास्त झालं तर कोकलायचं कसं, हे सगळं ठरवणारा जो प्रोग्राम असतो, तो आमचा. पॅनल बनवणारे बरेच आहेत. आमच्याकडे विकण्यासारखं काही असेल तर ते म्हणजे तो प्रोग्राम, आणि तो मुळात लिहिला काकांनी.

प्रोग्राम म्हटला की तुमच्या डोळ्यासमोर एक फाइल येत असेल. तसं नसतं. एका फोल्डरात पन्नास फोल्डर, त्यांच्या पोटात आणखी, अशा काही हजार फाइली. आम्ही त्याला ट्री म्हणतो, काका सरळ झाड म्हणायचे. या झाडावर आम्ही चार-पाच जण एकाच वेळी काम करायचो, म्हणून प्रत्येकाकडचं झाड दुसऱ्याच्या झाडाशी तंतोतंत जुळावं लागतं. ऑफिसात ते आपोआप होतं. पण काका ऑफिसात नव्हते. ते डोंबिवली पूर्वेला घरून काम करायचे.

का, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. त्यांची मोठी बहीण, आक्का, कमरेखाली लुळी. लग्न दोघांचंही नाही. सकाळी शेजारच्या वहिनी येऊन आक्कांची अंघोळ उरकायच्या, पण दिवसभर दर दोन तासांनी कूस बदलायला लागायची, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. त्यामुळे काका घरातून दोन तासांपेक्षा लांब जाऊच शकत नव्हते. आमच्या साहेबांनी त्यांना सांगितलेलं, “काका, झाड घरी ठेवा, घरून करा, हरकत नाही.” घरात झाड आहे तोवर नोकरी, आणि नोकरी घरात आहे तोवर आक्का धड. इतका साधा हिशेब होता.

अडचण इंटरनेटची. त्यांच्या इमारतीवर महापालिकेची ‘धोकादायक’ म्हणून पाटी लागलेली. इमारत पाडणार पाडणार म्हणून कोणी केबलवाला नवी लाइन टाकायला तयार नाही आणि जुनी उंदरांनी खाल्लेली. राहिला मोबाइल. तो स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला तरच रेंज यायची, आणि दिवसाला दीड जीबीच मिळायचे. त्यातच आक्कांची मोबाइलवरची कीर्तनं. लिफ्टचा प्रोग्राम लिहिणारा हा माणूस स्वतः बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. त्यावरून आम्ही हसायचो आणि तेही हसायचे.

“सगळं नको ताई, फरक तेवढा द्या,” हे त्यांचं दुसरं पालुपद. दिवसभरात ज्या आठ-दहा फाइली बदलल्या, त्यांच्यातल्या बदललेल्या ओळीच फक्त एका छोट्या फाइलीत बांधायच्या. काका तिला पुडी म्हणायचे. ती बांधायचं काम माझं. मी सर्व्हरवर पुडी ठेवली की ते ती उतरवून घ्यायचे, आपल्या झाडात मिसळायचे आणि साडेपाचला फोन करायचे. मग मी आमच्या झाडाची ओळखओळ वाचायचे. म्हणजे काय, तर अख्ख्या झाडावरून कॉम्प्युटर चाळीस अक्षरांची एक ओळ काढतो. हजारो फाइलींत कुठे एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी ती पूर्ण ओळ बदलते. दोन्हीकडची ओळ सारखी, तर झाडं सारखी.

बाकीचे लोक पहिली सात-आठ अक्षरं बघून सोडून देतात. काका चाळीसच्या चाळीस वाचून घ्यायचे. फोनवर बी आणि डी सारखेच ऐकू येतात म्हणून त्यांनी कोष्टक ठरवलेलं. ए आंबिवली, बी बदलापूर, सी चिंचपोकळी, डी डोंबिवली. ई आणि एफचं स्टेशन सापडेना, म्हणून ई एरंडेल आणि एफ फणस. बाजूच्या गाळ्यातला माणूस एकदा मला विचारायला आलेला, “मॅडम, तुम्ही रोज कोणाला हे ‘सात, बदलापूर, एरंडेल, नऊ, नऊ, फणस’ सांगता? आयुर्वेदिक औषध आहे का काही?”

एवढी खातरजमा कशासाठी, असं मी एकदा वैतागून विचारलेलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की आधीच्या एका कंपनीत असताना एक फाइल नेटवरून येता येता मधेच तुटली. अर्धीच आली. कोणी मोजली नाही. ती तशीच पॅनलमध्ये गेली आणि एक म्हातारे गृहस्थ दोन मजल्यांच्या मधे अडीच तास अंधारात अडकले. “बाहेर काढलं तेव्हा ते मला म्हणाले, तुमचा काही दोष नाही हो. पण होता ना. मी बघितलं नव्हतं.” दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसे काका तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकत होते.

महिन्यातून एका शनिवारी, शेजारच्या वहिनींना आक्कांपाशी बसवून, ते ऑफिसात यायचे. अख्खं झाड हार्ड डिस्कवर घेऊन, आमच्याशी प्रत्यक्ष लावून बघायला. ती डिस्क ते पोळीच्या डब्यात आणायचे, फडक्यात गुंडाळून. एकदा एकाने भुकेच्या भरात तो डबा उघडला आणि आत बघून म्हणाला, “काका, ही भाकरी जरा कडक वाटते.” काका अजिबात हसले नाहीत. डबा ओढून घेतला, डिस्क उलटसुलट करून बघितली, पुसली, पुन्हा गुंडाळली. “चोर बॅग पळवतात,” मला म्हणाले, “डबा कोणी पळवत नाही.”

आता तुम्हीच सांगा, असा माणूस बघून तुमच्या मनात काय आलं असतं? पासवर्ड टाकताना कीबोर्डवर रुमाल धरायचा. त्यांच्या मागे उभं राहिलं की बोलणं बंद. घरी कोणाला बोलवायचे नाहीत, तिकडे कपाटाला दोन कुलपं आहेत म्हणे. मी स्वभावाने संशयीच. भाजीवाला तराजूला हात लावतो का ते बघणारी बाई आहे मी. मला वाटायचं, जो दुसऱ्यावर इतका संशय घेतो त्याच्या स्वतःच्या मनात काही काळंबेरं असल्याशिवाय का? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! हे मी मनात म्हणायचे, तोंडावर गोड बोलायचे आणि साडेपाचला भेंडी सांगायचे.

मग ते बाळकुमचं प्रकरण झालं.

साहेबांच्या मेहुण्याने बाळकुमला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतलेला, त्याची वास्तुशांत होती. साहेब लिफ्टने वर गेले आणि लिफ्ट थांबताच त्यांनी ऐकलं, टिंग-टिंगटिंग-टुंग. आमच्या लिफ्टची धून! मजला आला की आमच्या पॅनलमधून वाजते तीच, जशीच्या तशी. आणि पॅनल दुसऱ्याच कंपनीचं. साहेब प्रसादाला न थांबता परत आले. मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“मॅडम, कोड बाहेर गेलाय आपला.”

“कशावरून, साहेब?”

“धून आपली आहे, मॅडम. मी दहा वेळा वर-खाली केलं. लोक बघायला लागलेले.” मग आवाज खाली आणून, “ऑफिसबाहेर अख्खं झाड कोणाकडे आहे?”

मी नाव घेतलं नाही. पण गप्पही बसले नाही. मी म्हटलं, “कपाटाला दोन कुलपं आहेत म्हणतात.” हे माझं वाक्य आहे, साहेबांचं नाही, हे आज इथे लिहून ठेवते.

युक्तीसुद्धा मीच काढली. फक्त काकांना जाणाऱ्या झाडात एक खूण पेरायची. कुठेही वापरात नसलेल्या एका तक्त्यात एक निरर्थक आकडा, ४७१९. लिफ्टला त्याने काही फरक पडत नव्हता. पण पुढेमागे त्या कंपनीच्या पॅनलमधला प्रोग्राम मिळाला आणि त्यात ४७१९ निघाला, तर तो काकांकडूनच गेला हे पक्कं. साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्ही जीनियस आहात.” मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

पण झाड बदललं की ओळखओळ बदलणार, आणि काका तर चाळीसच्या चाळीस अक्षरं ताडून बघणार. म्हणून मी माझ्या मशीनवर दोन झाडं ठेवली. एक खरं, एक काकांसाठीचं. दोन्ही रोज सारखी वाढवायची, मधे त्या एका ओळीचा फरक राखून. पुडी दुसऱ्या झाडातून बांधायची आणि साडेपाचला दुसऱ्याच झाडाची ओळ वाचायची. “वाचा ताई.” मी वाचायचे. “जुळलं,” ते म्हणायचे, आणि सुटकेचा श्वास सोडायचे. मधल्या दोन शनिवारी त्यांना येऊच दिलं नाही. एकदा लाइट जाणार आहेत म्हणून सांगितलं, एकदा रंगकाम. असे दोन महिने गेले आणि ४७१९ कुठेही सापडला नाही. न सापडल्याने माझा संशय कमी व्हायला हवा होता ना? उलट वाढला. म्हटलं, माणूस भलताच हुशार आहे.

मग एका सोमवारी मी चुकले. दुपारी खरंच लाइट गेलेले. मशीन बंद पडून पुन्हा चालू झालं, त्यात दोन झाडांच्या दोन काळ्या खिडक्या पडद्यावर शेजारी शेजारी उघडल्या, आणि मी फोन खांद्यात धरून चुकीच्या खिडकीतून वाचलं. खऱ्या झाडाची ओळ.

“ताई, परत वाचा.”

मी परत वाचलं. तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही.

“जुळत नाहीये, ताई.” त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच भीती ऐकली. आणि मग मला कळलं की मी काय वाचलंय. तोंडाला येईल ते बोलले. “काका, नेटवर्कचा काहीतरी लोचा असेल. पुडी तुटली असेल तुमच्याकडे.”

“तसंच असणार,” ते म्हणाले. “माझ्याकडेच तुटली असणार. आता पुडीवर भरवसा नको. मला पूर्ण झाडच ठेवा सर्व्हरवर, मी पहिल्यापासून उतरवून घेतो. तोवर झाडात कोणी काही बदलू नका.”

पूर्ण झाड सहा जीबीच्या आसपास. दिवसाला दीड. म्हणजे चार दिवस. मला त्या क्षणी सांगता आलं असतं, काका, मी चुकीची ओळ वाचली. त्याऐवजी मी खुणेचं झाड सर्व्हरवर ठेवलं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. ते सकाळपासून खिडकीच्या गजाला बांधलेल्या त्या मोबाइलवरून झाड ओढत होते. फोन तुटायचा, पुन्हा जोडायचे, राहिलं तिथून पुढे. रोज साडेपाचला फोन करून किती आलं ते सांगायचे. डब्याचं विचारायचे, पण घाईत. शुक्रवारी संध्याकाळी म्हणाले, “पूर्ण आलं. वाचा.” मी या वेळी नीट बघून, बरोबर खिडकीतून वाचलं.

“जुळलं,” ते म्हणाले. पण श्वास सोडला नाही.

“चला, सुटलो एकदाचे,” मी म्हटलं.

“नाही ताई. माझ्याकडचं जुनं झाडही हेच सांगतंय. म्हणजे माझी पुडी तुटलेलीच नव्हती. मग सोमवारी तुम्ही वाचलंत ते काय होतं?”

“वाचताना चुकले असेन मी.”

“एखादं अक्षर चुकेल. तुम्ही चाळीस अक्षरं वाचलीत, दोनदा, दोन्ही वेळा तीच. मी लिहून घेतलीयेत. अशी ओळ चुकून तयार होत नाही. ती कुठल्या ना कुठल्या झाडाची असतेच.” मग म्हणाले, “ते झाड शोधायला पाहिजे. लिफ्टमध्ये कुठलं जातंय, आपल्याला माहीत नाही.”

बघा, त्यांना काळजी कशाची! मी इकडे घामाने थबथबलेली, आणि हा माणूस कुठल्यातरी टॉवरमधल्या लिफ्टचा विचार करत होता.

शनिवारी ते न सांगता आले. डबा उघडला, डिस्क काढली आणि माझ्याकडे न येता सरळ कोपऱ्यातल्या मशीनवर गेले, जिथून प्रोग्राम पॅनलमध्ये भरला जातो. त्या मशीनवरच्या झाडाची ओळ काढली. वही उघडून सोमवारची ओळ शेजारी धरली आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेले, ओठ हलवत. डोंबिवली, चार, एरंडेल. चाळीसाव्या अक्षरापर्यंत गेले. मग डिस्कवरचं आणि त्या मशीनवरचं, अशी दोन्ही झाडं एकमेकांवर घातली आणि फरक मागितला. पडद्यावर एकच ओळ आली. ४७१९.

त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

“पुडी तुम्हीच बांधता ना, ताई?”

“हो.”

“मग ही ओळ...”

“साहेबांनी सांगितलेलं,” मी पटकन म्हणाले. इतकी पटकन, की माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. कशासाठी, असंही विचारलं नाही. इतका हुशार माणूस, एका ओळीचं वेगळं झाड एकालाच का देतात, हे त्याला सांगावं लागत नाही. त्यांनी डिस्क पुन्हा जोडली आणि माझ्यादेखत ती रिकामी केली. मला उठवून पडद्यासमोर उभं केलं. “बघून घ्या. काही शिल्लक नाही ना?” मी नाही म्हटलं. “घरच्या मशीनवरचंही आज पुसतो. मग घरून काम नाही करता येणार.” साहेब केबिनमधून हे बघत होते. बाहेर आले नाहीत.

सोमवारपासून काका रोज ऑफिसात यायला लागले. आक्कांसाठी दिवसभराची बाई ठेवली, ती चार दिवसांत सोडून गेली. दुसरी ठेवली. कामात असताना ते सारखे घड्याळ बघायचे, दोन तास झाले की उठून खिडकीपाशी जायचे आणि फोन करायचे. “वळवलं का? कुठल्या कुशीवर? डाव्या? मग मघाशी कुठल्या होती?” त्या बाईचीही परीक्षा घ्यायचे. माझ्याशी कामापुरतं बोलायचे, अगदी नीट. भाजी विचारायचं कारण उरलं नव्हतं, मी तर समोरच बसलेली. महिन्याच्या शेवटी त्यांनी साहेबांना राजीनाम्याची चिठ्ठी दिली. आक्कांच्या पाठीला जखम झाली होती.

साहेब म्हणाले, “जाऊ दे मॅडम. धूर दिसला म्हणजे कुठेतरी आग असणारच.” मी मान डोलावली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी आमच्याकडे सुट्या भागांची खोकी आली. खरेदी बघणारा मुलगा एक बझर बॅटरीला लावून तपासत होता. नुसता बझर. ना पॅनल, ना प्रोग्राम. आणि तो वाजला, टिंग-टिंगटिंग-टुंग.

“हे काय?” मी ओरडलेच.

“ट्यून आहे, मॅडम. आतच भरून येतात आठ-दहा. सगळे पॅनलवाले हाच बझर घेतात, स्वस्त पडतो.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोन महिने दोन झाडं वाढवली मी. पुड्या बांधल्या, लाइटच्या थापा मारल्या, आणि आमच्याच कपाटातल्या खोक्यात ती धून पडून होती. मी साहेबांना जाऊन सांगितलं. ते थोडा वेळ पेन फिरवत बसले. “मग काय करायचं आता?” म्हणाले. “बोलवा त्यांना परत हवं तर.”

फोनवर बोलायचा धीर होईना, म्हणून मी त्याच संध्याकाळी डोंबिवलीला गेले. पहिल्यांदाच. पाटी लागलेली इमारत, जिन्याच्या भिंतींना बांबूचे टेकू. तिसऱ्या मजल्यावरचं दार नुसतं लोटलेलं होतं. जगावर संशय घेणाऱ्या माणसाच्या घराला कडी नव्हती, कारण आतल्या माणसाला उठून ती काढता येत नव्हती. दोन कुलपांचं कपाट मात्र होतं. त्याचं एक दार उघडंच होतं, आत आक्कांची औषधं आणि कापसाची पुडकी.

“कोण?” आक्का दाराकडे पाठ करून कुशीवर होत्या, त्यांना वळता येत नव्हतं. “पुढे ये गं, दिसशील अशी उभी राहा.”

“ऑफिसातून आलेय.”

“कोण, ती वाचणारी?” त्यांचा चेहरा खुलला. “बस, बस. तो येईल इतक्यात. खालच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो हल्ली, दोन तासांनी वर येतो. तिथे बरं आहे, जवळ आहे.” मी स्टुलावर बसले. त्या बोलतच होत्या. “मागे चार दिवस माझं कीर्तन बंद ठेवलेलं त्याने. इंटरनेट पुरायचं नाही म्हणाला. जेवायचं भान नाही, नुसता त्या खिडकीशी. मी म्हटलं, अरे, तिकडच्यांची चूक असेल, तू का जीव काढतोस? तर मलाच रागावला. म्हणाला, आक्का, ती ताई वाचते त्यात चूक नसते. तिने वाचलेलं मी कधी तपासत नाही. चुकलं असेल ते माझ्याकडेच.”

मला तिथे बसवेना. काहीतरी निमित्त सांगून मी उठले. दीडेक मजला उतरले असेन, तर खालून काका येत होते. हातात मेथीची जुडी आणि मलमाची ट्यूब. मला बघून थांबले आणि भिंतीला टेकून मला वाट दिली. मी गेले नाही.

“काका, माझं चुकलं,” मी म्हटलं. “साहेबांचं नाही, माझंच. बाळकुमच्या लिफ्टमध्ये आपली धून वाजली म्हणून मला वाटलं तुम्ही कोड दिलात. ती धून बझरमध्येच असते हो. आज कळलं.”

“हो, तीन नंबरची,” ते म्हणाले. “प्रोग्राममधून आपण फक्त तिचा नंबर पाठवतो.” मग त्यांना बहुतेक सगळं जुळलं असावं. बाळकुम, दोन महिने, ४७१९. ते एक पायरी वर चढले आणि पुन्हा थांबले. “एवढ्यासाठी होतं का ते? मला विचारायचं होतंत ना, ताई. त्याच दिवशी सांगितलं असतं.”

मी रडायला लागले. ते अवघडून उभे राहिले, मेथी या हातातून त्या हातात घेतली. परत येता का, म्हणून मी विचारणार होते. पण वरून आक्कांची हाक आली. कूस बदलायची वेळ झाली होती. “येतो,” म्हणून ते वर गेले.

पुढे पावसाआधी ती इमारत रिकामी केली. माझी एक मैत्रीण त्याच रस्त्यावर राहते, तिने सांगितलं की आता तिथे पत्रे ठोकलेत आणि लोक पांगलेत, कोणी कल्याणला, कोणी बदलापूरला. तिची त्या शेजारच्या वहिनींशी ओळख आहे. काका आक्कांना घेऊन कुठे गेले ते त्यांना नक्की माहीत असणार.

मी अजून विचारलेलं नाही.